भुंड्या कळपात पाटी का कमी पडल्या: पेडणे तालुक्यातल्या एका गोठ्याचं प्रकरण

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात बारा शेळ्यांचा एक गोठा आहे असं धरू. हा गोठा आणि त्याची नोंदवही समजावून सांगण्यासाठी रचलेली आहे, मात्र तिच्यात जे घडतं ते शेळ्यांच्या कुठल्याही कळपात याच नियमाने घडतं. जमिनीपासून साडेतीन फूट उंच, पोफळीच्या पट्ट्यांचा तळ, कारण पावसाळ्यात ओल्या जमिनीवर शेळीचे खूर कुजतात. चाऱ्याच्या गव्हाणीला लोखंडी जाळी. या जाळीनेच सगळं सुरू झालं. शिंगाळ शेळीचं डोकं जाळीत जातं, पण शिंगं मागे अडकतात आणि ती रात्रभर तशीच उभी राहते. एका शेळीने दुसरीच्या कासेला शिंग मारलं आणि कासेचा एक भाग कायमचा गेला. मालकांनी ठरवलं की यापुढे कळप भुंडाच, म्हणजे बिनशिंगीच, करायचा.

घाटावरून एक काळा, देखणा, बिनशिंगी बोकड आणला. विकणाऱ्याने सांगितलं, "याचे आई-बाप दोन्ही भुंडे, शुद्ध रक्त आहे." गोठ्यातल्या बारा शेळ्यांपैकी पाच शिंगाळ होत्या आणि सात भुंड्या दिसत होत्या. पहिल्या हंगामात हा बोकड सगळ्यांवर सोडला. मग शिंगाळ शेळ्या आणि शिंगाळ करडं विकून टाकली, भुंड्या पाटी (तरुण माद्या) ठेवल्या आणि दुसऱ्या हंगामात त्याच बोकडाकडून पुन्हा भरवल्या.

दुसऱ्या हंगामाअखेर तीन तक्रारी उभ्या राहिल्या. पहिली, भुंड्या आई-बापाच्या पोटी शिंगाळ करडं येत होती आणि मालकांचा संशय शेजाऱ्याच्या बोकडावर होता. दुसरी, ठेवलेल्या सात पाटींपैकी दोन चौदा महिन्यांच्या झाल्या तरी माजावर आल्या नव्हत्या. मालकीणबाई दवाखान्यात म्हणाल्या, "डॉक्टर, खनिज मिश्रण तीन महिने घातलं, जंताचं औषध झालं. अंगाने भरल्यात, पण माज नाही. आणि एकीला तर बोकडासारखा वास येतो." तिसरी तक्रार कोणी बोलून दाखवली नव्हती, ती वहीत होती. बोकड भरपूर जन्मत होते, पाटी कमी.

या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. तिथपर्यंत पोचण्यासाठी रक्त तपासावं लागलं नाही, वही नीट वाचावी लागली.

शिंगाचं गणित

शेळीत शिंगाचा प्रश्न मुख्यतः एका जनुकाच्या दोन रूपांवर ठरतो. एकाला भुंडेपणाचं "भ" म्हणू, दुसऱ्याला शिंगाचं "श". प्रत्येक करडाला आईकडून एक आणि बापाकडून एक रूप मिळतं. "भ" प्रभावी आहे, म्हणजे एक "भ" आला की शिंग फुटत नाही. म्हणून भभ आणि भश दोन्ही भुंडे दिसतात, शिंगाळ फक्त शश.

आनुवंशिकतेचा हा हिशोब मांडणाऱ्या मेंडेलने वाटाण्यावरचे निष्कर्ष १८६५ साली वाचले आणि १८६६ साली छापले. हाच हिशोब प्राण्यांनाही लागू पडतो हे विल्यम बेटसनने १९०२ साली कोंबड्यांच्या तुऱ्यावरून दाखवलं. आपल्या गोठ्यातला भुंडा बोकड भश असेल आणि भुंडी शेळीही भश असेल, तर दोघांच्याही वाट्याला "श" देण्याची निम्मी शक्यता आहे. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव. चारांत एक करडू शश, शिंगाळ. बाप तोच, आई तीच, शेजाऱ्याच्या बोकडाचा काही संबंध नाही.

वहीतली पहिल्या हंगामाची नोंद बघू. शिंगाळ शेळ्यांना ९ करडं झाली, ५ भुंडी आणि ४ शिंगाळ. शिंगाळ शेळी फक्त "श" देऊ शकते, म्हणून ही ४ करडं बापाकडूनही "श" घेऊन आली. एवढ्यावरच बोकडाचं शुद्ध रक्त निकालात निघालं, तो भश आहे. इथे एकच शिंगाळ करडू पुरेसं होतं. असा पुरावा उलट दिशेने मात्र इतक्या पटकन मिळत नाही, ते पुढे येईल.

विकणारा खोटं बोलला असं म्हणण्याचंही कारण नाही. आई-बाप दोन्ही भुंडे असतील तर ते दोघेही बहुधा भश, आणि अशा जोडीच्या भुंड्या नर पिल्लांत तीनांत दोन भश असतात. "भुंड्यांचा भुंडा" हे शब्द खरे असू शकतात आणि तरीही रक्त मिश्र असू शकतं.

खोट्या भुंड्या शेळीचा घोळ

सात भुंड्या शेळ्यांपैकी एकीने दोन हंगामांत चार करडं दिली आणि चारही शिंगाळ. भश × भश जोडीत असं होण्याची शक्यता पावाचा चौथा घात, म्हणजे २५६ मध्ये १. अशक्य नाही, पण संशय यायलाच हवा. तिच्या कपाळावरचे केस बोटांनी बाजूला केले तेव्हा खाली दोन्ही बाजूंना रुपयाएवढी, केस नसलेली, खरखरीत कातडी लागली. एका बाजूला नखाएवढा शिंगाचा खुंट. ती लहानपणी शिंगाचे कोंब डागून भुंडी केलेली होती. रक्ताने ती शश, म्हणजे तिची करडं निम्मी शिंगाळ निघणं अपेक्षितच. चारांत चार येण्याची शक्यता १६ मध्ये १ आहे, सहज घडण्यासारखी.

विकत आणलेल्या प्रत्येक भुंड्या जनावराच्या बाबतीत ही तपासणी आधी करावी. डागलेलं जनावर वहीत "भुंडं" म्हणून गेलं की पुढचा सगळा हिशोब बिघडतो. नवजात करडात खात्री करणं सोपं आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत कपाळ ओलसर असतानाच पाहायचं. शिंग येणार असेल तर शिंगाच्या दोन जागी केसांचे दोन भोवरे दिसतात आणि तिथली कातडी हाडाला चिकटलेली असते, अंगठ्याने सरकत नाही. भुंड्या करडाला असे दोन भोवरे नसतात, केस सरळ बसलेले असतात किंवा मधोमध एकच भोवरा असतो आणि कातडी सैल सरकते. आठ-दहा दिवसांनी शिंगाचा कोंब बोटाला टोचतोच. वहीत पहिल्या दिवशीची नोंद आणि दहाव्या दिवशीची नोंद अशा दोन नोंदी कराव्यात.

म्हणजे कळपात खऱ्या भुंड्या शेळ्या सहा होत्या आणि शिंगाळ सहा. पहिल्या हंगामातली ती ९ करडं या सहा शश शेळ्यांची, डागलेलीसकट धरलेली आहेत.

शेजाऱ्याचा बोकड खरोखर आला होता, पण भलत्याच ठिकाणी

मालकांचा संशय शिंगाळ करडांवर होता. प्रत्यक्षात दुसऱ्या हंगामात एका तरुण भुंड्या पाटीला झालेलं एक भुंडं करडू परकं होतं. त्याच्या गळ्याखाली दोन लोलक लोंबत होते. शेळीच्या गळ्यातले हे लोलकही प्रभावी गुणाने येतात. ते करडात दिसले तर आई-बापांपैकी निदान एकाला असायलाच हवेत. या पाटीला नव्हते, काळ्या बोकडाला नव्हते. कुंपणापलीकडच्या बोकडाला होते. संस्कृतात निरुपयोगी वस्तूचा दाखला म्हणून ज्या अजागलस्तनाकडे, म्हणजे शेळीच्या गळ्यातल्या स्तनाकडे, बोट दाखवतात, तोच इथे बापाचा पत्ता सांगून गेला.

हे करडू हिशोबातून काढून टाकलं. शेळीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी लागते. एकाच माजात दोन बोकड लागले तर जुळ्यांतलं एक करडू एकाचं आणि दुसरं दुसऱ्याचं असू शकतं. म्हणून परकं करडू जुळ्यातलं असेल तर त्याचं भावंडही मोजणीतून काढावं. इथे ते एकटंच होतं.

माजावर न येणाऱ्या पाटी

आता मुख्य गोष्ट. दोन पाटी माजावर आल्या नाहीत, आणि दुसऱ्या हंगामात तीन करडं अशी जन्मली की नर लिहावं की मादी याचा निर्णय होईना. मालकीणबाईंनी वहीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते प्रश्नचिन्ह फार मोलाचं ठरलं. घाईने नर किंवा मादी लिहिलं असतं तर हे प्रकरण कधीच उलगडलं नसतं.

शेपूट उचलून पाहिलं तर यातल्या एका करडाचं बाह्यांग मादीचं दिसतं, पण योनीच्या खालच्या टोकाला हरभऱ्याएवढी गोल गाठ असते, थोडी बाहेर आलेली. गुदद्वार आणि योनी यांच्यातलं अंतर सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त असतं. दुसऱ्याची लघवी मागे किंवा खाली न जाता तिरकी उडते. मोठ्या पाटींत एकीचं डोकं बोकडासारखं रुंद झालं होतं, मानेवर राठ केस आले होते, उग्र दर्प होता आणि ती इतर शेळ्यांवर चढायची. दुसरी अगदी साधी शेळी वाटायची, फक्त माज नाही. अंतर्लिंगी, म्हणजे नर-मादी दोन्हींची लक्षणं असलेल्या, शेळीत रूपाचा असा पल्ला असतो. काही जवळजवळ मादी, काही जवळजवळ नर. गाभण मात्र कुठलीच राहत नाही.

सगळ्यांनी आधी नेहमीची कारणं धरली होती: चारा कमी, तांबं-जस्त कमी, जंत. ही कारणं असती तर एकाच गव्हाणीतल्या बाकीच्या पाच पाटींनाही त्रास झाला असता, आणि चारा सुधारल्यावर दोघींपैकी एकीला तरी माज आला असता. दुसरं शक्य कारण म्हणजे जुळ्या नराबरोबर गर्भाशयात वाढताना रक्त मिसळल्याने मादी वांझ होणं. गाईंत हे नेहमी दिसतं, शेळीत क्वचित. पण या दोघींतली एक एकटीच जन्मली होती, तिला जुळा भाऊ नव्हताच. शिवाय अशी वांझ मादी शिंगाळही असू शकते.

पाचही विचित्र जनावरांत एक गोष्ट समान होती. सगळी भुंडी, आणि सगळ्यांचे आई-बाप दोन्ही भुंडे. शिंगाळ शेळीच्या पोटी झालेल्या तीन भुंड्या पाटी याच गोठ्यात, याच चाऱ्यावर वाढल्या आणि तिघीही वेळेवर माजावर येऊन गाभण राहिल्या.

संशोधक एस. ए. ॲस्डेल यांनी १९४४ साली हेच निदर्शनास आणलं होतं की शेळीतली अंतर्लिंगी पिल्लं भुंडेपणाशी बांधलेली असतात. २००१ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याचं रेणवीय कारण गाठलं. शेळीच्या पहिल्या गुणसूत्रावर, फॉक्सएल२ या जनुकाच्या आसपास, डीएनएचा सुमारे दहा-बारा हजार अक्षरांचा एक तुकडा गायब असतो. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की त्या जागी दुसरीकडचा जवळपास ४ लाख ८० हजार अक्षरांचा तुकडा उलटा येऊन बसलेला असतो. यामुळे फॉक्सएल२ चालू करणारी यंत्रणा बिघडते. मादी गर्भातल्या लिंगग्रंथी अंडाशयच राहण्यासाठी हे जनुक चालू असावं लागतं. दोन्ही प्रती बिघडल्या तर एक्सएक्स (गुणसूत्रांनी मादी) गर्भाच्या ग्रंथी वृषणाच्या वाटेने जातात, नर संप्रेरकं तयार होतात आणि शरीर त्यानुसार वळतं. एक प्रत चांगली असेल तर ती पुरते, शेळी पूर्ण निरोगी राहते.

एकाच बदलाचे दोन परिणाम आहेत आणि त्यांची वागणूक वेगवेगळी आहे. शिंग न येणं प्रभावी आहे, त्याला एक प्रत पुरते. लिंग बदलणं अप्रभावी आहे, त्याला दोन प्रती लागतात. आणि ते फक्त एक्सएक्स करडांत दिसतं. भभ नर बाहेरून नेहमीसारखेच वाढतात, मात्र त्यांतल्या काहींच्या वृषणाबाहेरच्या नलिकेत शुक्र अडकतं आणि ते वांझ निघतात.

इथून एक निष्कर्ष आपोआप निघतो, आणि कळप चालवणाऱ्याला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. भभ मादी वांझ असते. म्हणून जी भुंडी शेळी एकदाही व्याली आहे, ती भशच आहे. चाचणी लागत नाही, वंशावळ लागत नाही. तिच्यापोटी झालेलं करडू हाच दाखला. आणि म्हणूनच शिंग कायमचं घालवलेला शुद्ध भुंडा शेळ्यांचा कळप होऊच शकत नाही, कितीही पिढ्या निवड केली तरी. मालकांनी ठरवलेलं ध्येयच मुळात अशक्य होतं.

वही आणि अंदाज

भश बोकड आणि भश शेळी यांच्या १६ करडांची अपेक्षा अशी मांडता येते. भभ ४, भश ८, शश ४. प्रत्येक गटात निम्मे एक्सवाय (गुणसूत्रांनी नर), निम्मे एक्सएक्स. म्हणजे नर ८, अंतर्लिंगी २ आणि गाभण जाऊ शकणाऱ्या माद्या ६. एकूण करडांच्या आठव्या भागाला हा दोष लागतो, मात्र माद्यांच्या बाजूने पाहिलं तर चौथा भाग जातो. पाटी कमी का पडतात ते इथेच दिसतं. ज्या माद्या वाढवून कळप चालवायचा त्यांतलीच चौथाई दर हंगामात गळते, आणि त्यांच्यावर वर्षभर चारा खर्च होतो.

दोन हंगाम एकत्र घेतले, परकं करडू वगळलं, डागलेल्या शेळीची करडं वेगळी काढली. भुंडा × भुंडी जोडीची करडं २७ उरली. पहिल्या हंगामातली ११, दुसऱ्यातली १६.

शिंग: भुंडी २१, शिंगाळ ६. अपेक्षा २०.२५ आणि ६.७५. फरक नगण्य. काय-वर्ग, म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष आकडे यांतल्या फरकाचं माप, ०.११; मर्यादा ३.८४, तिच्या आत असेल तर फरक योगायोगाचा धरतात.

लिंग: नर १५, खऱ्या माद्या ७, अंतर्लिंगी ५. अपेक्षा १३.५, १०.१ आणि ३.४. काय-वर्ग १.९१, मर्यादा ५.९९.

दोन्ही मेंडेलच्या अंदाजात बसतात. अंतर्लिंगींची अपेक्षा ५ पेक्षा कमी आहे, आणि इतक्या छोट्या आकड्यावर काय-वर्ग कसोटी लंगडी चालते हे लक्षात ठेवावं. इथे निर्णय कसोटीने झाला नाही, पाचही जनावरं भुंडी आणि दुहेरी भुंड्या वंशाची होती यावरून झाला. कसोटी फक्त एवढंच सांगते की आकडे विरोधात जात नाहीत.

वहीत पहिल्या हंगामाच्या ११ करडांपैकी ५ माद्या नोंदल्या होत्या. त्यांतल्या दोन नंतर अंतर्लिंगी ठरल्या. जन्माच्या वेळी त्या अगदी पाटी दिसल्या होत्या. आणि समजा त्या हंगामात एकही अंतर्लिंगी झाली नसती तर? भश × भश जोडीत ११ करडांत एकही न येण्याची शक्यता सातअष्टमांशाचा अकरावा घात, जवळपास २३ टक्के. म्हणजे चारांतला एक गोठा पहिल्या हंगामात निर्धास्त राहतो आणि "आमच्याकडे असलं काही होत नाही" म्हणतो. १६ करडांवर हीच शक्यता १२ टक्के उरते. छोट्या कळपात एक हंगाम नीट गेला याला पुरावा मानू नये. दोन भुंड्यांची जोडी लावली की धोका आहेच.

जोड्यांचा ठोकताळा

भुंडा बोकड (भश) × शिंगाळ शेळी: निम्मी करडं भुंडी, निम्मी शिंगाळ, अंतर्लिंगी एकही नाही.

शिंगाळ बोकड × भुंडी शेळी: तेच.

भुंडा बोकड (भश) × भुंडी शेळी: चारांत तीन भुंडी, आठांत एक अंतर्लिंगी.

भुंडा बोकड (भभ) × भुंडी शेळी: सगळी भुंडी, पण चारांत एक अंतर्लिंगी. माद्यांपैकी निम्म्या जातात.

भुंडा बोकड (भभ) × शिंगाळ शेळी: सगळी करडं भुंडी, सगळ्या माद्या गाभण जाणाऱ्या.

शेवटची ओळ मोहात पाडते. तिच्यात भुंडेपणा शंभर टक्के आहे आणि दोष शून्य. म्हणून मालकांनी विचारलं की आपल्या बोकडाचा भुंडा मुलगा भभ असेल का, म्हणजे त्याला शिंगाळ शेळ्यांवर सोडता येईल. भश × भश जोडीचा भुंडा मुलगा भभ असण्याची शक्यता तीनांत एक. खात्री करायची तर शिंगाळ शेळ्यांकडून करडं घ्यावी लागतात. एक शिंगाळ करडू झालं की तो भश, विषय संपला. सगळी भुंडी आली तर? तो भश असूनही ५ करडं सलग भुंडी येण्याची शक्यता ३२ मध्ये १ आहे. सुरुवातीचा तीनांत दोनचा अंदाज धरून हिशोब केला तर ५ भुंड्या करडांनंतर तो भश असण्याची शक्यता सुमारे ६ टक्के उरते, ७ नंतर दीड टक्क्यावर येते. म्हणून किमान ७ करडं पाहावीत. ज्या प्रयोगशाळेत शेळीच्या पीआयएस उत्परिवर्तनाची (भुंडेपणा आणि अंतर्लिंगीपणा आणणाऱ्या याच बदलाची) पीसीआर ही डीएनए चाचणी होते तिथे केसांच्या मुळांवरून किंवा रक्तावरून एका खेपेत उत्तर मिळतं, पण त्या मुलाच्या शुक्राची तपासणी तरीही हवीच, कारण भभ नरांतला काही भाग वांझ असतो. आणि ही जोडी एकाच पिढीपुरती चालते. तिच्या सगळ्या मुली भश असणार, त्यांना पुढे शिंगाळ बोकडच द्यावा लागतो.

इथे मत स्पष्ट द्यायला हवं. बारा-पंधरा शेळ्यांच्या गोठ्याने भभ बोकडाच्या मागे लागू नये. फायदा एका हंगामाचा आहे आणि चूक झाली तर पुढच्या हंगामात माद्यांपैकी निम्म्या जातात. प्रत्येक जोडीत एक जनावर शिंगाळ, एवढा नियम पाळला तर कुठलीही चाचणी न करता दोष शून्यावर येतो.

पुढच्या हंगामाची मांडणी

दुरुस्ती सिंधुदुर्गातून आणलेल्या कोकण कन्याळ जातीच्या शिंगाळ बोकडाने सुरू झाली. सगळ्या भुंड्या शेळ्या त्याच्याकडे. काळा भुंडा बोकड फक्त शिंगाळ शेळ्यांसाठी, म्हणजे सध्या डागलेली ती एक आणि नव्याने आणायच्या चार. काळ्याच्या मुलींना त्याच्याकडे पुन्हा पाठवणं तसंही थांबवायला हवं होतं. बाप-मुलीच्या करडांत अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्के येतो आणि भुंडेपणाशी संबंध नसलेले लपलेले अप्रभावी दोषही वर येऊ शकतात.

दोन बोकड एका गोठ्यात आले की कुंपण हा जनुकशास्त्राचाच भाग होतो. बोकडांच्या खणांमध्ये एकेरी जाळी चालत नाही. दोन जाळ्या आणि मध्ये हातभर मोकळी जागा ठेवली, उंची पाच फूट. माजाचं चक्र सुमारे २१ दिवसांचं आणि माज साधारण २४ ते ३६ तास टिकतो. म्हणून शेळ्या सोडून न देता माज ओळखून शेळी बोकडाच्या खणात न्यायची, भरल्याची तारीख आणि बोकडाचा बिल्ला क्रमांक लिहायचा. १५० दिवसांनी, पाच दिवस इकडे-तिकडे, विणं अपेक्षित. त्या खिडकीबाहेर व्याली तर वहीतला बाप तपासायचा. नर करडं तीन महिन्यांच्या आत वेगळी काढायची, कारण ती चार-पाच महिन्यांची झाली की आईलाही गाभण करू शकतात आणि मग सगळी वही निरुपयोगी.

पाच अंतर्लिंगी जनावरांना कसलाही उपचार नाही. मांसासाठी ती वाढवता येतात. पण म्हापशाच्या बाजारात किंवा दारात आलेल्या गिऱ्हाइकाला ती "पाट" म्हणून विकू नयेत. घेणारा वर्षभर चारा घालतो आणि शेवटी शेळी वांझ निघते. ईदसाठी विचारणाऱ्यालाही आधी उघड सांगावं, तो त्याच्या पद्धतीने ठरवेल.

भुंडी करडं आता निम्मीच मिळतील आणि गव्हाणीची जाळी अडचण करत राहील. तिथे जाळी बदलणं सोपं. डोकं आणि शिंगं दोन्ही आत-बाहेर होतील अशा उभ्या पट्ट्यांची गव्हाण, वरून रुंद, खाली गळ्याएवढी अरुंद. कासेला शिंग लागू नये म्हणून भांडखोर शेळ्या वेगळ्या खणात. शिंगाळ करडांत जी आईच्या दुधावर लवकर भरतात, ज्यांच्या आईला जुळी नीट वाढवता येतात, ती ठेवायची. बोकड करडांतली डौलदार शिंगांची ईदच्या बाजारात हवीच असतात.

या हंगामात सहा जुन्या भुंड्या शेळ्या आणि पाच तरुण अशा अकरा शेळ्या कोकण कन्याळ बोकडाने भरल्या. १७ करडं झाली असं धरलं तर साधारण ८-९ भुंडी, ८-९ शिंगाळ, आणि अंतर्लिंगी एकही नाही असा अंदाज आहे. पहिली दोन करडं जन्मल्यावर तासाभरात कपाळ पुसून भोवरे पाहिले, शेपूट उचलून पाहिलं आणि वहीत लिहिलं: एक भुंडी पाट, एक शिंगाळ नर. प्रश्नचिन्ह नाही.